डाव्या वळणाची गोगलगाय

गावाचं नाव मी लिहिणार नाही. संपादकांनी दोनदा फोन करून विचारलं, "मॅडम, नाव आलं तर लेखाला वजन येईल." मी म्हटलं, वजन नको. वेल्ह्याच्या पुढं डोंगराच्या पोटात बसलेलं एक गाव, एवढं पुरे. त्या गावाच्या वरच्या रानात जे आहे ते ओरडत नाही, पळत नाही, चावत नाही. शंख जमवणाऱ्या हौशी मंडळींना पत्ता लागला तर एका सकाळी सगळं गोळा करून नेतील. संपादक म्हणाले, आमचे वाचक तसे नाहीत. नसतीलही. पण मी सगळी नोकरी कृषी खात्यात केली आहे, माझा विश्वास इतक्या लवकर बसत नाही.

मी कृषी सहाय्यक होते. बाहेरच्या माणसाला हे पद नीटसं कळत नाही. तालुक्याला खुर्चीत बसतात ते अधिकारी, त्यांच्या खाली पर्यवेक्षक, आणि सगळ्यांच्या खाली, चिखलात, बांधावर उभी असते ती मी. सात-आठ गावं ताब्यात. पेरणी किती झाली ते कळवायचं, मातीचे नमुने काढायचे, बियाणं वाटायचं, शेतीशाळा घ्यायच्या. राहायला मी भोरला. सकाळच्या एसटीने कापूरहोळ, तिथून नसरापूर, पुढं माणसं भरली की सुटणारी वडापची जीप, आणि वेल्ह्याला एका ओळखीच्या दुकानामागं ठेवलेली माझी स्कूटी.

आणि पीक गेलं की पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि मी अशा तिघांनी शेतात जाऊन नुकसान बघायचं. या पंचनाम्यांनी मला संशय घ्यायला शिकवलं. एकदा एका गृहस्थांनी आडवा झालेला भात दाखवला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मला काहीतरी खटकलं. मी सहज विचारलं, "तुमच्या खाचरात पाणी कुठनं येतं हो?" त्यांनी उजवीकडं हात केला. पाट डावीकडं होता. शेत शेजाऱ्याचं होतं. तलाठी आप्पांनी मला त्या दिवशी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोलिसात पाहिजे होता." हे वाक्य मी पुढं बरीच वर्षं मनात मिरवलं. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे मला वासावरून कळतं, असं मी मानत असे. आता मानत नाही. का ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या भागात शंखी गोगलगाय आली. तळहाताएवढी, तपकिरी, परदेशातून आलेली जात. रात्रीतून घेवड्याची अख्खी रोपं खाऊन टाकते. ती आली कशी यावर लोकांची वेगवेगळी मतं होती. माझं मत पानशेतकडच्या बंगल्यांवर होतं. तिथं लॉनसाठी, कुंड्यांसाठी लांबून माती येते, आणि मातीत साबुदाण्यासारखी अंडी येतात. एका बंगल्याच्या मालकीणबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. बाग फस्त झाली होती, पण त्यांच्या घरी जीवहत्या चालत नव्हती. मी मिठाच्या पाण्याचं नाव काढलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "आम्ही त्यांना सोडून देतो ना," त्या म्हणाल्या, "परवाच ड्रायव्हर दोन बादल्या भरून घेऊन गेला. लांब, डोंगरात. छान झाडी आहे तिकडे." लांब म्हणजे कुठं, ते मी ड्रायव्हरला विचारलं. त्याने ज्या रस्त्याचं नाव सांगितलं तो माझ्याच गावांकडं जात होता.

म्हणून मी मारायला शिकवू लागले. रीत सोपी आहे. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं आणि संध्याकाळी बांधाच्या कडेनं अंथरायचं. सकाळी त्याच्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या, मग चुना घालून पुरायच्या. बांधावर राखेचा किंवा चुन्याचा पट्टा ओढायचा. फारच झालं तर निळसर गोळ्या येतात त्या टाकायच्या. त्या गोगलगाय आवडीनं खाते आणि मरते. कुत्रं-मांजर, कोंबड्या यांना जपायचं, कारण त्यांनाही त्या बाधतात. शेतीशाळेत मी तीन गोष्टी घोकून घेत असे. एक, पिल्लं दिसली की सोडू नका. दोन, गोगलगाय येते कुठून ते शोधा, बांधापलीकडची दगडं, पाला तपासा. तीन, थांबू नका.

त्या गावातली माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी म्हणजे पारूवहिनी. पंचेचाळिशीच्या, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, घेवडा आणि काकडीच्या एका तुकड्यावर घर चालवणाऱ्या. सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस आमच्या खात्यात फार दुर्मीळ असतो. प्रात्यक्षिकासाठी त्या गावात आलेलं गोळ्यांचं पुडकं मी त्यांनाच दिलं, कारण त्या ते जपून वापरतील अशी माझी खात्री होती. साहेब पाहणीला आले तेव्हाही त्यांच्याच शेतात नेलं. वहिनींनी साहेबांना गोणपाट उचलून दाखवलं आणि मोठ्या आवाजात तिन्ही नियम म्हणून दाखवले.

त्यांच्या शेताच्या वर त्यांचंच सामायिक रान होतं. हिरड्याची, जांभळाची जुनी झाडं आणि कधीकाळी डोंगरावरून घसरलेल्या मोठमोठ्या शिळा. शिळांच्या फटींत भर उन्हाळ्यातही ओल. सातबाऱ्यावर नावं दोन, पारूवहिनींचं आणि त्यांचे थोरले दीर दगडूअण्णा यांचं. दीर-भावजयीचं बोलणं नव्हतं. भाऊ वारल्यावर बांधावरून काहीतरी झालं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. अण्णा साठी ओलांडलेले, उंच, वाकलेले. समोरचा बोलत असताना ते तोंडाकडं न बघता त्याच्या हातांकडं बघत. मला ते कधीच आवडले नाहीत, हे आधीच कबूल करते.

एका श्रावणात पुण्याहून शर्वरी आली. ही मुलगी गोगलगायींवर संशोधन करत होती. मला आधी तिचाच संशय आला. कॉलेजचं पत्र नीट होतं तरी मी फोन करून खात्री केली, आणि तिच्या डब्यात काय काय आहे ते रोज बघत असे. चार दिवसांनी ती धावत खाली आली आणि तळहात उघडून माझ्यासमोर धरला. नखाएवढा शंख, मधाच्या रंगाचा, आणि आतून हळूच बाहेर आलेली दोन बारीक शिंगं.

"मॅडम, टोक वर धरा आणि तोंड आपल्याकडं करा. दार कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडं."

"आता ही घ्या तुमची मोठी." तिने शंखी गोगलगायीचा रिकामा शंख दिला. दार उजवीकडं होतं. "जवळजवळ सगळ्या उजव्याच असतात. ही डावी आहे, आणि माझ्या माहितीत अशी अजून कुठं सापडलेली नाही. कदाचित याच शिळांमध्ये उरली असेल. ही घेवडा खात नाही. कुजलेला पाला आणि दगडावरचं शेवाळ, बस."

एखादी गोगलगाय सुंदर आहे असं मला नोकरीत पहिल्यांदाच वाटलं. त्याच सकाळी मी खालच्या शेतात मिठाच्या पाण्याची बादली भरून आले होते.

शर्वरीने मोजणीसाठी शंखांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. गावात दुसऱ्या दिवशी बातमी पसरली, पुण्याची पोरगी रानात करणी करतीय. ते कसंबसं निस्तरलं. मग मी पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत या गोगलगायीची नोंद करावी असं सुचवलं. अशी वही प्रत्येक पंचायतीत असते आणि बहुतेक ठिकाणी कपाटात असते. नोंदीने रान कुणाचं जात नाही, फक्त तिथं काय आहे ते लिहिलं जातं. हे मी पंचायतीत जमलेल्या पुरुषांना तीनदा समजावलं. दगडूअण्णा माझ्या हातांकडं बघत ऐकत होते.

"मॅडम, एक इचारू?" ते म्हणाले. "आमचं रान बगायला पुन्याची पार्टी आली, आन त्याच महिन्यात हितं गोगलगाय घावली. कधी न्हाई ती. ह्यो योग कसा काय जुळला?"

"म्हणजे?"

"म्हंजी कुनीतरी आनून सोडली आसंल."

"मी आणून सोडली?"

"तुमी सोडली आसं म्या कुठं म्हनलं? कुनीतरी."

सगळे हसले. प्लॉट पाडणारा एक एजंट खरंच त्या दिवसांत चकरा मारत होता. वरचं रान आणि खालचा माळ एकत्र घेऊन बंगले उभारायचा त्याचा बेत होता. अण्णांना रान विकायचंय, गोगलगाय त्यांच्या आड येतेय, हे मी त्या क्षणी मनात पक्कं करून टाकलं. नोंद लांबणीवर पडली.

पुढच्या पावसाळ्यात आठवडाभर उघडीप होती. शर्वरी वर गेली आणि तिचा फोन आला. तिचा आवाज वेगळाच होता. "मॅडम, तुम्ही या."

शिळांच्या खालच्या अंगाला शंख विखुरले होते. काही रिकामे, काहींतून जीव अर्धा बाहेर लोंबलेला, खाली चिकट पाण्याचे ओघळ वाळलेले. लाल ठिपक्यांचे त्यात कितीतरी. मला काही विचारावं लागलं नाही. असं मरण मी स्वतः शेकडो वेळा घडवलं होतं. पाला उकरला, तर दगडाच्या बुडाशी दोन निळ्या गोळ्या.

शर्वरी एकेक शंख उचलून डबीत ठेवत होती. ती रडत नव्हती, पण डबीचं झाकण तिला लावता येईना. मी ते लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर, न सांगता, गावात गेले. स्कूटी खाली ठेवून पायवाटेनं चढले. आणि समोरून रानातून उतरताना मला दगडूअण्णा दिसले. हातात घमेलं, त्यावर फडकं. मला बघताच ते थबकले, घमेलं दुसऱ्या कुशीला घेतलं आणि वाट सोडून बांधावरून गेले. जाताना फडकं सरकलं. आत निळं दिसलं.

मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं नाही.

मला आणखी काही पुरावा हवासा वाटला नाही. एजंटची गाडी त्याच आठवड्यात त्यांच्या दारात उभी होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. पाट उजवीकडं दाखवणाऱ्या माणसाला पकडलं होतं तेव्हाची तीच सुरसुरी मला पुन्हा जाणवत होती. खोटं वाटायला नको म्हणून स्वच्छ सांगते: मला आनंद झाला होता.

ग्रामसभा चार दिवसांवर होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मेलेल्या गोगलगायी, गोळ्या, घमेलं, एजंटची गाडी. मग नाव घेतलं.

मंदिराच्या मंडपात सगळ्या माना वळल्या. दगडूअण्णा खांबाला टेकून बसले होते. सरपंच म्हणाले, "अण्णा, काय म्हननं हाय तुमचं?"

अण्णांनी एकदा बायकांच्या बाजूला नजर टाकली. तिथं पारूवहिनी नव्हत्या. भावाच्या बायकोचं ऑपरेशन म्हणून त्या आठवडाभरापासून नसरापूरला माहेरी होत्या.

"काय न्हाई म्हननं," अण्णा म्हणाले. टोपी डोक्यावर नीट केली आणि उठून गेले.

निर्दोष माणूस असा गप्प उठून जात नाही, असं मी शर्वरीला त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पारूवहिनी परत आल्या. मी त्यांच्या शेताच्या कडेनं चालले होते तेव्हा त्यांनीच लांबून हाक मारली. घेवडा कमरेएवढा झाला होता, एक पान खाल्लेलं नाही. त्यांनी मला बांधावर पोतं टाकून बसवलं, गूळ-पाणी दिलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की पोराचा निकाल लागलाय जणू.

"मॅडम, तुमाला एक सांगायचं ऱ्हायलं. ह्या बारीला म्या मुळावरच घाव घातला."

"कसलं मूळ?"

"तुमीच म्हनलावता न्हवं, गोगलगाय येती कुठनं ते हुडका? म्या हुडाकलं. वरच्या दगडांत लई पिल्लं. बारकी बारकी, ढीगभर. म्हनलं, हीच मोठी हून खाली येत्यात. तुमी दिल्याल्या गोळ्या ऱ्हायल्या व्हत्या, त्या सगळ्या टाकल्या. नसरापूरला जायच्या आदल्या दिशी." त्या हसल्या. "साहेब आले की सांगा त्यास्नी. पारूनं तिनी नेम पाळलं."

मी गूळ तोंडात धरून बसले. तो काही केल्या विरघळेना.

शेवटी मी पिशवीतून दोन शंख काढले, एक मोठा, एक मधाच्या रंगाचा. शर्वरीने मला दाखवलं होतं तसंच वहिनींना दाखवलं. टोक वर, तोंड आपल्याकडं. त्यांनी दोन्ही हातांत दोन धरले, फिरवले, पुन्हा फिरवले. बोटं थांबली.

"म्हंजी ही तिची पिल्लं न्हाईत?"

"नाहीत, वहिनी. ही वेगळीच आहे. तेवढ्याच दगडांत असते. आणि ती घेवडा खात नाही."

"मग तुमी हे तवाच का न्हाई सांगितलं?"

मी पंचायतीत सांगितलं होतं, जिथं पारूवहिनी बसत नव्हत्या. नोंदवहीची गोष्ट पुरुषांना तीनदा समजावली होती. शेतीशाळेतल्या बायकांना, ज्यांच्या हातात मी गोळ्या दिल्या होत्या, त्यांना एकदाही नाही. रानाच्या एका मालकाशी भांडत बसले आणि दुसरी मालकीण माझ्याच वर्गात पहिल्या ओळीत होती.

ग्रामसभेत काय झालं तेही मला त्यांना सांगावं लागलं. त्या ऐकत गेल्या आणि हळूहळू पदर डोक्यावरून पुढं ओढत गेल्या. "भावजी काय बी बोलले न्हाईत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्या उठून घेवड्याच्या ओळीत शिरल्या आणि माझ्याकडं पाठ करून उगाचच तण उपटू लागल्या.

मी तिथून सरळ दगडूअण्णांच्या गोठ्याकडं गेले. ते म्हशींना गवत टाकत होते.

"अण्णा, पारूवहिनींनी मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"गोळ्या त्यांनी टाकल्या. चुकून. तुम्हाला माहीत होतं?"

"निळ्या गोळ्या गावात कुनाला दिलत्या तुमी?" ते गवत टाकतच म्हणाले. "माजं कुत्रं वर गेलं व्हतं, आलं ते फेस काढीत. दुपारपातूर मेलं. वर जाऊन बगितलं तर ह्ये. चार दिस येचत व्हतो. दगडाखालच्या कुठं घावत्यात सगळ्या."

"मग मला बघून वाट का सोडलीत?"

"तुमी काय इचारनार ते म्हाईत व्हतं. आन म्या काय सांगनार व्हतो?"

"सभेत तरी बोलायचंत."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. "भाऊ गेलाय माजा. त्याच्या माघारी त्याच्या बायकूचं नाव चारचौघांत घिऊ? आमचं बोलनं न्हाई, ते येगळं. ते घरातलं हाय."

"मी तुमची माफी मागते, अण्णा."

"हितं?" ते म्हणाले. "हितं म्हसरं हायेत. जितं बोललात तितं मागा. आन तिचं नाव काडायचं न्हाई."

पुढची ग्रामसभा यायला दोन महिने लागले. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. मी त्याच मंडपात उभी राहिले आणि म्हणाले, "दगडूअण्णांवर मी आरोप केला तो खोटा होता. गोळ्या त्यांनी टाकल्या नाहीत. ते वेचत होते. मी पुरती चौकशी न करता बोलले. त्यांची सगळ्यांसमोर माफी मागते."

"मग टाकल्या कोनी?" सरपंचांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. पण त्या गोळ्या या गावात मी आणल्या, आणि कुठं टाकायच्या नाहीत ते मी सांगितलं नाही. एवढं खरं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम अन्नांकडं जेवायला जाऊन आल्या वाटतं!" मोठा हशा झाला. मी त्या आवाजाकडं बघितलं. चेहरा ओळखीचा होता. मला त्यांचा राग येईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच अर्थ लावला असता. एक सरकारी बाई भर सभेत एकाचं नाव घेते, दोन महिन्यांनी तेच नाव पुसते, आणि खऱ्याचं नाव सांगत नाही. मी असल्या माणसाचा पंचनामाच केला असता.

त्या दिवशी बायकांच्या बाजूला पारूवहिनी बसल्या होत्या. मध्येच त्या उठू लागल्या. अण्णांनी लांबून नुसता हात हलवला, बसा म्हणून. भावजयीला त्यांनी काही सांगितल्याला कितीतरी वर्षं झाली असावीत. त्या बसल्या.

पंधरा दिवसांत तालुक्याच्या ऑफिसात माझ्याविरुद्ध निनावी अर्ज आला. एजंटशी आणि जमीनमालकाशी संगनमत करून मी दुर्मीळ गोगलगाय मारणाऱ्यांना पाठीशी घातलं, असा. साहेबांनी खुलासा मागितला. साहेब भले होते. ते म्हणाले, "मॅडम, एक नाव लिहा आणि मोकळ्या व्हा." मी लिहिलं नाही. खुलाशात फक्त माझी चूक लिहिली. अर्ज पुढं निकाली निघाला, पण माझ्या निरोपाच्या दिवशी हार घालताना दोन-तीन जणांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला चांगली ओळखीची होती. तीच नजर मी आयुष्यभर लोकांकडं टाकत आले होते. ती अंगावर घेतल्यावर कशी लागते ते मला तेव्हा कळलं.

आता गोगलगायींचं काय झालं ते सांगते. शिळांच्या वरच्या अंगाला, जिथं पारूवहिनींचा हात पोचला नव्हता, तिथं काही राहिल्या होत्या. पाऊस उघडला की गोगलगाय शंखाच्या दाराला पातळ पापुद्रा लावून फटीत झोपते. त्या झोपलेल्या वाचल्या. खालच्या अंगाच्या बहुतेक गेल्या. पुढची दोन वर्षं अण्णा आणि पारूवहिनी उरलेल्या गोळ्या शोधत होते, एकाच रानात, दहा हातांचं अंतर ठेवून, एकमेकांशी न बोलता. वहिनींना सापडलेली गोळी त्या दगडावर ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. मग अण्णा येऊन घमेल्यात टाकायचे.

रान विकलं गेलं नाही. मी एकदा अण्णांना म्हटलं, "गोगलगायीसाठी नाही म्हणालात, बरं केलंत." ते चिडले. "गोगलगायीसाठी कुठं? त्या एजंटचा मोजनीवाला मला न इचारता रानात शिरला. आसल्या मानसाला रान देत न्हाई म्या." पारूवहिनींनीही सही नाकारली. का, ते त्या सांगत नाहीत. खालचा माळ मात्र गेला. तिथं आता दगडी कुंपण आहे, आणि आत लॉन आहे. ते लॉन आठवून मी झोपेतही दचकते. नोंदवहीत नोंद झाली. या वेळी शेतीशाळेतल्या बायकांनी ती लिहून घेतली आणि शेतात आता गोणपाट, राख आणि हात एवढ्यावरच काम चालतं. वर गोळी न्यायची नाही, हा त्यांचा चौथा नियम. तो मी सांगितलेला नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी दोघांनाही विचारलं. नावं अर्थातच बदलली आहेत. अण्णा म्हणाले, "कोन वाचतंय!" पारूवहिनी म्हणाल्या, "लिवा. पर गोळ्या तुमी दिलत्या, ते बी लिवा." लिहिलं आहे.

गेल्या श्रावणात शर्वरीबरोबर मी पुन्हा गेले. तिची पदवी झाली आहे, आता ती दुसऱ्यांना शिकवते. आम्ही चढून गेलो तर रानाच्या तोंडाशी बांबूची नवी कवाडी, आणि आत दगडावर दगडूअण्णा बसलेले. मी नमस्कार केला. त्यांनी केला. मग हात पुढं केला.

"पिशवी बगू."

मी पिशवी दिली. त्यांनी छत्री बाहेर काढली, झटकली. डबा उघडला, भाकरी उलटून बघितली, डबा बंद केला. शर्वरीच्या डब्या एकेक करून उजेडात धरल्या. परत जातानाही बघणार, असं सांगितलं.

"आता चपला काडा. खालच्या त्या लॉनच्या कडंनं आलाय तुमी."

"वाट तिथूनच आहे, अण्णा."

"म्हनूनच."

आम्ही अनवाणी चिखलात उभ्या राहिलो. अण्णांनी काटकीनं माझ्या चपलेच्या तळव्यातला चिखल खरवडला, बोटांत घेऊन चुरला, त्यात साबुदाण्याएवढं काही आहे का ते डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. त्यांना घाई नव्हती. शर्वरी माझ्याकडं बघून हसू दाबत होती.

"राग मानू नका, मॅडम," ते दुसरी चप्पल उचलत म्हणाले.

"नाही मानत."

"मानलासा तरी बगनारच," दगडूअण्णा म्हणाले, आणि चप्पल उलटी केली.